बाटलं कोण?

रत्नागिरी शहर मागे टाकून पावसच्या रस्त्याला लागले की काजळी नदीच्या खाडीवरचा लांब पूल लागतो. पूल ओलांडला की भाट्ये. एका अंगाला सुरुचे बन, त्यापलीकडे समुद्र. खाडीच्या मुखापलीकडे मांडवी दिसते आणि वर टेकडीवर थिबा राजाचा वाडा. गेल्या डिसेंबरात ६ तारखेला चैत्यभूमीवर अभिवादन करून मी गावी आलो होतो. एका संध्याकाळी पुतण्याबरोबर त्याच्या गाडीवरून भाट्याला आलो. दोघे सुरुच्या सावलीत बसलो होतो. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, रविवारी विहारात बैठक आहे. तुम्ही थांबाच. थोरल्या आजीचा विषय आहे."

"काय झालं तिला?"

"बाटली ती. दर रविवारी प्रार्थनेला जाते. पास्टर घरी येतो. वाडीचं म्हणणं आहे, तिची वर्गणी घ्यायची नाही. लग्नामयताला तिच्या दारात कुणी जायचं नाही."

वाडीचे नाव मी लिहीत नाही. कारण हा प्रश्न एका वाडीचा नाही. ज्या म्हातारीबद्दल तो बोलत होता तिला मी लहानपणापासून काकी म्हणत आलो. तिने मला कडेवर खेळवले आहे. पण त्या क्षणी काकीपेक्षाही एक शब्द माझ्या कानात खुपला. बाटली! आंबेडकरी घरात जन्मलेल्या, पदवी घेतलेल्या, सहा डिसेंबरला रात्रभर रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या पोराच्या तोंडी हा शब्द आला कुठून?

वाचकहो, हा शब्द आपला नाही. बाट, विटाळ, शिवाशिव, सोवळे, पतित, शुद्धी हे सारे एकाच टाकसाळीतले नाणे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या सावलीने ज्यांना बाट लागत होता, त्यांनी हा शब्द घडवला. ज्याचा स्पर्श बाटवतो तो महार आणि जो दुसऱ्या धर्मात गेला तो बाटगा. दोघांवर उपाय एकच, बाहेर टाका! आणि आज तोच शब्द आपण आपल्याच म्हातारीवर उगारतो आहोत.

मी पुतण्याला म्हटले, "बाळा, बैठकीला मी येतो. पण आधी हे मिशन या किनाऱ्यावर कसं आलं, ते ऐक."

इंग्रजी अमलातले मिशन कोकणात आले ते याच जिल्ह्यात. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पाचच वर्षांनी, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल बाणकोटला उतरले. काही महिन्यांतच ते मरण पावले, पण मागून दुसरे आले. बाणकोट आणि हर्णै येथे मराठी शाळा निघाल्या. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज उभे राहिले ते जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि मराठी शिकायला आधी याच किनाऱ्यावर राहिले. बाणकोट हे मंडणगड तालुक्यातले बंदर. त्याच तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव! म्हणजे आपल्या मुक्तिदात्याच्या पूर्वजांच्या उंबरठ्याजवळ मिशनची पाटी त्यांच्या जन्माच्या जवळपास सत्तर वर्षे आधी येऊन पोहोचली होती. पण स्कॉटिश मंडळींनी काही वर्षांतच आपले ठाणे मुंबई-पुण्याकडे हलवले. नंतर १८७३ मध्ये कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रत्नागिरीत ठाणे उघडले. दापोलीत इंग्लंडच्या एस.पी.जी. मिशनने इंग्रजी शाळा चालवली.

या पाटीचे श्रेय नाकारणारा कृतघ्न ठरेल. राष्ट्रपिता जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि त्यांच्या मनाने उचल घेतली. १८४८ साली भिडेवाड्यात जे घडले त्यामागे हे पाहणे होते. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला कुणी? अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय'ने. त्या काळात किती सनातनी छापखाने एका मांगाच्या पोरीचे अक्षर छापायला तयार झाले असते?

पण याच ठिकाणी नीट पाहिले पाहिजे. कागद मिशनचा होता, आवाज जोतीरावांच्या शाळेचा होता. ख्रिस्ती न होताही मुक्ता बोलली. देवाला आणि धर्माला थेट प्रश्न विचारत बोलली. ते धैर्य सत्यशोधकी शिक्षणाचे होते.

हाच फरक दापोलीत आणखी स्वच्छ दिसतो. दापोलीच्या मिशन शाळेतून कोण शिकून बाहेर पडले? पुढे धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहून भारतरत्न झालेले पां. वा. काणे! आणि त्याच दापोलीत, १८९० च्या दशकात, आपले महार पेन्शनर काय करत होते? आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या, म्हणून सरकारकडे अर्ज करत होते. पलटणीत इंग्रजांसाठी लढलेल्या बापांची मुले शाळेच्या पडवीत बसत होती. या पेन्शनरांमध्ये गोपाळबाबा वलंगकर होते. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. दापोलीतच 'अनार्य दोष परिहारक मंडळी' उभी केली. पुस्तकाचे नाव पुन्हा वाचा. विटाळाचा विध्वंस! बाट नावाची गोष्टच जगात नाही, हे सांगायला आपल्या माणसाने लेखणी उचलली. मिशनने पाटी आणली, हे खरे. लढा मात्र पडवीत बसलेल्यांच्या बापांनी दिला.

याच दापोली तालुक्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक. चित्पावन ब्राह्मण. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. जातीने त्यांना टाकले, घर मोडले, लक्ष्मीबाईंनी काय सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे. त्यांच्या यातना खोट्या नव्हत्या. पण काळाने त्यांचे काय केले? त्यांना 'रेव्हरंड टिळक' म्हणून मराठी साहित्याने डोक्यावर घेतले. त्यांचे धर्मांतर म्हणजे सत्याचा शोध ठरले. आणि नगर, जालना, सोलापूरकडचा महार-मांग ख्रिस्ती झाला तर? तो पोटासाठी बाटला! मूठभर तांदळासाठी धर्म विकला! ब्राह्मण धर्म बदलतो तो विचाराने आणि महार धर्म बदलतो तो आमिषाने, हा निवाडा कोणत्या न्यायालयाचा? उपाशी माणसाला विचार नसतो, असे मानणाऱ्यांचा. १९५६ नंतर आपल्यावरही हेच शिंतोडे उडाले. सवलतींसाठी धर्म बदलला, अशी हेटाळणी आपल्या बापजाद्यांनी ऐकली आहे.

शुद्धीचा प्रयोगही याच रत्नागिरीत झाला. १९२४ ते १९३७ सावरकर येथे स्थानबद्ध होते. परधर्मात गेलेल्यांना शुद्ध करून परत घेण्याची मोहीम त्यांनी चालवली. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांच्या खर्चाने पतितपावन मंदिर उभे राहिले. सर्व हिंदूंना खुले असलेले मंदिर, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, हे मान्य. पण नाव पाहा. पतितांना पावन करणारे! म्हणजे मंदिरात पाऊल टाकण्याआधी तुम्ही पतित आहात हे मान्य करा. बाबासाहेबांनी आपल्याला मंदिरात नेऊन पावन केले नाही. पतित हा शब्दच त्यांनी फेकून दिला. पाणी पिऊन चवदार तळे बाटत नाही आणि माणूसही बाटत नाही, हे १९२७ साली महाडला त्यांनी ओंजळीने सिद्ध केले.

पुतण्या म्हणाला, "ते सगळं खरं, काका. पण बाबासाहेबांनीच ख्रिश्चन धर्म नाकारला ना?"

नाकारला. आणि का नाकारला, हे आपण वाचत नाही, ही आपली अडचण आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे धावले. ख्रिस्ती बिशपही आले. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांनी आदर सांगितला आणि त्याच व्यासपीठावर ख्रिस्ती समाजाला आरसा दाखवला. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची अवस्था यांवर त्यांनी जे लिहून ठेवले ते इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहे. त्यांचे आक्षेप थोडक्यात असे. पहिला, मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणांशी वाद घालण्यात आणि त्यांना इंग्रजी शिकवण्यात शक्ती घालवली, शाळा-इस्पितळांचा मोठा लाभ सवर्णांनी घेतला. दुसरा, चर्चमध्ये गेलेली जात चर्चमध्ये जिवंत राहिली. तिसरा आणि सर्वांत मोलाचा, तुझे दुःख तुझ्या पापातून आले, असे माणसाला शिकवले की तो ज्या व्यवस्थेने त्याला चिरडले तिच्याशी भांडणे सोडतो. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याने आपल्या अन्यायाविरुद्ध चळवळ उभी केली नाही, ही त्यांची खंत होती.

हे आक्षेप आजही जिवंत आहेत. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात चार-पाच शतकांनंतरही बामण आणि चारडो ही ओळख पुसलेली नाही. तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांच्या वाट्याला वेगळ्या दफनभूमी आल्या. मेलेल्या माणसाचाही बाट धरणारे चर्च येशूचे कसे? पूर्वीचे मिशन निदान औषध घेऊन येत होते. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला उभे केलेले इस्पितळ दक्षिण महाराष्ट्राचा आधार बनले. आज वाड्या-वस्त्यांवर प्रार्थनेने रोग बरा होतो, असे सांगत कुणी आला आणि आजाऱ्याला दवाखान्यापासून तोडू लागला, तर त्याला तिथेच थांबवले पाहिजे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने चमत्कारापुढे मान तुकवता कामा नये.

पण एक लक्षात घ्या. बाबासाहेबांनी हे प्रश्न कुणाला विचारले? चर्चला विचारले, मिशनऱ्यांना विचारले. चर्चच्या मागच्या बाकावर बसलेल्या गरीब महार-मांग बाईला वाळीत टाका, असे त्यांनी कुठेही सांगितले नाही. वाळीत टाकणे ही कोकणातली जुनी कीड. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. वाडीची वर्गणी नाकारणे, लग्नामयताला बंदी घालणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ज्यांच्या बापाने १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले, त्याची लेकरे आता स्वतः बहिष्कार घालणार?

यात केवळ माणुसकीचा प्रश्न नाही, आपल्या हक्काचाही प्रश्न आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज इतर धर्मातल्या अस्पृश्यांना यादीबाहेर ठेवले. शिखांना १९५६ मध्ये आत घेतले. आपल्याला, बौद्धांना, १९९० पर्यंत थांबावे लागले. १९५६ ते १९९०, तब्बल ३४ वर्षे! महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीचे दार बंद होते. जात कायम, अत्याचार कायम आणि हक्क मात्र गेले, हे काय असते ते आपण भोगले आहे. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजवर तेच भोगत आले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि मुदतवाढीवर मुदतवाढ झाली. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या एका पाद्र्याला ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाकारले. मारणारा जात विसरत नाही, पण कायदा विसरतो!

ते आले तर आपल्या वाट्याचे जाईल, ही भीती मला माहीत आहे. ती अगदी खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. त्यावर उत्तर एकच, लोकसंख्येप्रमाणे टक्का वाढवून मागणे. १९९० पूर्वी आपल्याबद्दलही काही जण हेच म्हणत होते, हे विसरू नका.

आणि ज्यांना वाटते की धर्मांतरबंदीचा कायदा फक्त मिशनऱ्यांसाठी आहे, त्यांनी गुजरातकडे पाहावे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारने परिपत्रक काढले. हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायचे असेल तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्या! १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात मध्य प्रदेश आणि ओरिसाचे असे कायदे वैध ठरवले होते. फटका पाद्र्याला बसला म्हणून तेव्हा आपल्यातल्या कित्येकांना त्याचे काही वाटले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही सक्तीच्या धर्मांतराच्या नावाने कायद्याचा अभ्यास करायला समिती नेमली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी दीक्षा घेतली. त्या प्रत्येकाला कलेक्टर कचेरीत अर्ज करावा लागला असता, तर धम्मक्रांती झाली असती का? राज्यघटनेच्या २५ व्या कलमातले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य काकीचेही आहे आणि तुमचेही. तिच्या दारावर पडलेला घाव उद्या दीक्षाभूमीवर पडतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी काकीकडे गेलो. पुतण्याला बरोबर नेले. नको नको म्हणत होता, तरी नेले. भिंतीवर बाबासाहेबांचा तोच जुना फोटो, ताजा हार घातलेला. शेजारी ख्रिस्ती कॅलेंडर. काकीने चहा टाकला. मी आडून विचारण्याआधी तीच बोलली.

"बाबा, तुझे काका दोन वर्षं अंथरुणावर होते. वाडीतून कोण आलं? विहाराची किल्ली कुणाकडे असते तेसुद्धा मला ठाऊक नाही. ती माणसं दर आठवड्याला यायची. बसायची. काकांचं अंग पुसायला हात लावायची. बाबासाहेब मी सोडले नाहीत रे. सोडले म्हणून सांगितलं कुणी?"

"गोळ्या घेतेस ना रक्तदाबाच्या?" मी विचारले.

"घेते. त्या सोड म्हणाले असते तर त्यांनाच घालवलं असतं."

पुतण्या खाली मान घालून चहा पीत होता.

येताना मी त्याला एवढेच म्हटले, "तिने विहार सोडला की विहाराने तिला सोडलं?" आपले विहार १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला आणि ६ डिसेंबरला उघडतात. बाकीचे दिवस कुलूप आणि वर्गणीची वही. मिशनची माणसे आजाऱ्याच्या उशाशी बसतात ते पैशाच्या जोरावर, असे म्हणून आपण मोकळे होतो. उशाशी बसायला पैसे लागत नाहीत. आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हाताने करणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी. मग आपल्या म्हातारीच्या दारात आपल्याआधी दुसरा कसा पोहोचतो?

रविवारी बैठक झाली. दोन तास वाद झाला. एक-दोन ज्येष्ठ अखेरपर्यंत विरोधात राहिले, त्यांचाही मान ठेवून सांगतो, ते प्रामाणिकपणे चळवळीच्या काळजीने बोलत होते. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. काकीची वर्गणी घ्यायची. रविवारी सकाळी विहार उघडायचा आणि पोरांचा अभ्यासवर्ग तिथेच घ्यायचा. आणि वाडीत कोण आजारी आहे याची वही ठेवून आळीपाळीने दोघांनी जायचे. वर्गणीची पावती घेऊन काकीकडे जायला पुतण्याच उठला.

निघताना पुन्हा भाट्याच्या पुलावरून गाडी आली. टेकडीवर थिबा राजाचा वाडा उन्हात दिसत होता. ब्रह्मदेशचा तो बौद्ध राजा १८८६ पासून १९१६ पर्यंत या गावात कैदी म्हणून राहिला आणि इथेच मेला. राजा येऊनही धम्म आपल्या वाडीत आला नव्हता. तो आणला मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या, चाळीत दाटीवाटीने राहणाऱ्या आपल्या माणसांनी, एकमेकांच्या दारात जाऊन. तो टिकेल तोही तसाच. दार बंद करून नव्हे!

जय भीम!